जमिनीवरच्या बापाचं गाऱ्हाणं

माझी मुलगी हवाई दलात वैमानिक होण्याचं शिक्षण घेते. मी स्वतः दहीहंडीत तळाच्या थराच्या वर कधी गेलो नाही. दुसऱ्या थराचं नाव निघालं की मला लघवीला लागायचं, हे लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. तरी तिची निवड झाली तेव्हा "रक्तातच आहे" असं नाक्यावर सांगत फिरलो तो मीच.

मग एका सकाळी सरावात तिचं विमान दुसऱ्या शिकाऊ विमानावर हवेतच आदळलं. दोन्हींतली माणसं पॅराशूटने वाचली. ही एका शेतात उतरली. फोनवर म्हणाली, "बाबा, मी ठीक आहे. आईला मग सांग, आधी तू खाली बस." मी बसलो. पाणी मला तिच्या आईनेच आणून दिलं.

पाठ दुखावली म्हणून ती घरी विश्रांतीला आली आणि, सांगायला लाज वाटते, माझे दिवस फार सुखात गेले. ती कण्हली की मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. कण्हणाऱ्या मुलीला कोण विमानात बसवणार? वैद्यकीय तपासणीला निघाली तेव्हा मी म्हणालो, "दुखत असेल तर लपवू नकोस हां. थोडंसं असलं तरी." ती गेली. आणि पास झाली.

ती परत प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या संध्याकाळी बायकोने देवापुढे नारळ ठेवला. आम्ही मालवणकडचे, घरातलं कोणी मोठ्या कामाला निघालं की गाऱ्हाणं घालतो. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, शेवटी नारळ फोडायचा. शेजारी जमले. घरातला मोठा मी, म्हणून मागणं माझ्याकडे.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इडापिडा टळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इतकी माणसं होकार देतायत म्हटल्यावर माझ्यासारख्या भित्र्यालाही चेव येतो.

"आणि तिका हापिसातला, खुर्चीवरचा, जमिनीवरचा काम मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली. शेजारच्या काकांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"गप रवा सगळे!" बायको ओरडली. "हे काय मागतत ता आयकलात?"

काका गोंधळले. "आता झाला ता झाला. देवाक दिलेला परत घेवचा कसा?"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. मी नारळाला हात घातला तशी म्हणाली, "थांब बाबा. फोडू नकोस." आणि माझ्या शेजारी येऊन हात जोडून उभी राहिली. तिची मालवणी मोडकी आहे.

"बा देवा म्हाराजा, बाबान मागल्यान ता विसर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता लोक कान देऊन ऐकत होते.

"मी वर आसताना तेका खाली धीर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ती नारळाला हात लावेना. तशीच उभी.

"बाबा, तू राहिलास."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. एकट्याचा आवाज फारच बारीक आला.

"मोठ्याने," ती म्हणाली.