दोन सरोवरांमधलं दार

"आई, बाबांना स्लाउस दाखवून आणू या का?" ऑक्टोबरातल्या एका सकाळी केदारने विचारलं, तेव्हा मी पालक निवडत होते. स्लाउस म्हणजे लॉक. पाण्याच्या दोन पातळ्यांमधून जहाजाला अलगद पलीकडे नेणारी, दोन दारांची पाण्याची खोली. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. धरणांचे दरवाजे हा यांचा जन्मभराचा विषय. फेब्रुवारीत आम्ही तीन महिन्यांसाठी मुलाकडे, नेदरलँड्समधल्या बेस्टला आलो, तेव्हा उतरल्या दिवसापासून यांचा एकच हट्ट होता. ट्युलिप नकोत, पवनचक्क्या नकोत, मला लॉक दाखवा. मग विमानं बंद झाली, तीन महिन्यांचे आठ झाले, आणि लॉक राहूनच गेले.

आता मात्र हे हट्ट करत नव्हते. हे काहीच बोलत नव्हते.

सप्टेंबरात पुण्यात यांचा धाकटा भाऊ शशी कोविडने गेला. जाण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, त्याचा हॉस्पिटलमधून फोन आला होता. फोन यांचा, उचलला मी. "वहिनी, दादा आहे का?" आवाज दमलेला होता. मी म्हटलं, "झोपलेत रे. उद्या बोलाल का?" तो म्हणाला, "बरं, झोपू दे." संध्याकाळी त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. तो गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी यांना फोनचं सांगून टाकलं. यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. त्यानंतर पाच आठवडे यांच्या तोंडून शब्द नाही. जेवत होते, अंघोळ करत होते, भांडी पुसून जागेवर ठेवत होते. विचारलं तर मान हलवायचे. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले आपले फॅमिली डॉक्टर, म्हणाले की वेळ द्या, फिरायला न्या. नोव्हेंबरातली परतीची तिकिटं हाती होती. असं मुकं माणूस घेऊन पुण्याला कशी जाऊ, आणि हे मुकेपण माझ्यामुळे आहे का हे कोणाला विचारू, या दोन प्रश्नांनी माझी झोप उडाली होती. म्हणून केदारला म्हटलं, "नेऊ या."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. सूनबाई घरी राहिली, तिचं काम चालू होतं. बेस्टहून लेलिस्टाडला पावणेदोन तास लागतात. टोल नाही, रस्ता लोण्यासारखा, दिवसा वेग मात्र ताशी शंभरच्या वर नेता येत नाही. रेस्टॉरंटं पुन्हा बंद झाली होती. तुम्ही असल्या दिवसांत निघालात तर डबा घ्याच. मी थालीपीठं, दही आणि थर्मासभर चहा घेतला होता. युट्रेक्ट मागे पडलं आणि धुकं सुरू झालं. आधी शेतांवर होतं, मग झाडांच्या कमरेपर्यंत आलं, मग झाडं गेली.

लेलिस्टाडचे लॉक गावाबाहेर आहेत. गाडी लावायला पैसे पडत नाहीत. एका बाजूला मार्करमेर, दुसऱ्या बाजूला आयसलमेर, दोन्ही प्रचंड सरोवरं. कधीकाळी हा एकच समुद्र होता. मग बांध घातले, खारं पाणी गोडं झालं, त्या गोड्या पाण्याचेही दोन भाग झाले. जहाजांना इकडून तिकडे जायला हेच दार.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या सिस्टरांनी लॉक शिकवला होता तो पार्लरच्या, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना बसवायच्या खोलीच्या, दारात उभं करून. पार्लरला दोन दारं होती, मध्ये चार मुली मावतील एवढी जागा. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे रस्त्याचा गोंगाट आत जात नाही. "You are the ship," सिस्टर म्हणाल्या आणि आम्हा चौघींना मध्ये कोंडलं. अंधारात आम्ही खिदळलो होतो. लॉकचंही तेच. जहाज आत येतं, मागचं दार मिटतं, बारीक झडपांमधून पाणी हळूहळू पुढच्या सरोवराच्या पातळीला येतं, मग पुढचं दार उघडतं. दोन्ही दारं एका वेळी कधीच उघडी नसतात.

एक लांबलचक मालवाहू बोट आत उभी होती. मागच्या बाजूला घर, खिडकीला लेसचे पडदे, छतावर चक्क त्यांची मोटार. एक बाई दोर हातात धरून उभी होती. केदारने डचमध्ये विचारलं की तुम्ही वर जाताय की खाली. तिने खांदे उडवले. केदारने मला मराठीत सांगितलं, "म्हणते, आज वारा नाही, काही कळत नाही. पाण्यात फरक असलाच तर एखाद्या कपाच्या उंचीएवढा. वारा सुटला की एका सरोवराचं पाणी ढकललं जातं, तेव्हा खरा फरक."

भिंतीकडे पाहिलं तर ओली रेघ बोटभर खाली गेली होती. एवढं मोठं लोखंडी दार, एवढ्याशा पाण्यासाठी. दाराजवळ माणूस कुठेच नव्हता. लाल दिवा हिरवा झाला, दार आपोआप सरकलं आणि बोट धुक्यात शिरली. आधी बाई दिसेनाशी झाली, मग मोटार.

"बाबा, तुमच्या खात्याकडे असतं तर या दाराला तीन टेंडरं आणि एक चौकशी समिती लागली असती," केदार म्हणाला. एरवी हे त्याच्यावर तुटून पडले असते. आता कठड्यावर हात ठेवून नुसतं पाण्याकडे बघत होते. केदारने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

पुढचा रस्ता मी विसरणार नाही. लेलिस्टाडहून एन्कहाउझनला दोन सरोवरांमधल्या बांधावरून जातात, पंचवीस-सव्वीस किलोमीटर. एरवी दोन्हीकडे निळं पाणी आणि शिडाच्या नावा दिसतात म्हणे. आम्हाला दोन्हीकडे पांढरं दिसलं. पाणी कुठे संपतं, आकाश कुठे सुरू होतं, काही नाही. समोरून एकही गाडी येईना. केदारने रेडिओ बंद केला, तो का ते मी विचारलं नाही. मधेच एक बगळा कठड्यावर उभा दिसला, आणि जरा वेळाने तसाच आणखी एक, तसाच मान वळवून. मला वाटलं आपण पुढे जातच नाही आहोत.

बांध संपता संपता रस्ता खाली उतरतो आणि वरून लॉक जातो. त्याला नॅव्हिडक्ट म्हणतात. "आई, आत्ता आपल्या डोक्यावर जहाज असेल," केदार म्हणाला. मी नकळत मान आत घेतली.

एन्कहाउझन सुंदर गाव आहे, जुन्या विटांची घरं, बंदर, मनोरा. त्या दिवशी सगळं मिटलेलं. बंदरात शेकडो नावा बांधून ठेवलेल्या, आणि त्यांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर हलकेच आपटत होत्या, टिंग टिंग टिंग. वारा तर नव्हताच. मनोऱ्यातल्या घंटांनी तासाचं गाणं वाजवलं, ऐकायला आम्ही तिघं. एका गाडीवर गरम तळलेले माशाचे तुकडे मिळाले, आठ युरोला भरपूर. मास्क लावलेल्या बाईने पुडा लांब हाताने पुढे केला आणि लगेच खिडकी लावून घेतली. हॉटेल नव्वद युरोचं, स्वच्छ. न्याहारी कागदी पिशवीत दाराबाहेर ठेवतात. टकटक ऐकून मी दार उघडलं, तर कॉरिडॉरमध्ये फक्त पिशवी होती.

रविवारी सकाळी नॅव्हिडक्टवर गेलो. धुकं आणखी दाट झालेलं. केदार गाडी लावायला गेला. हे माझ्यापुढे पाच-सहा पावलं चालत लॉकच्या कुंपणाशी जाऊन थांबले. समोर बंद दार. दुसरं दार शंभरेक पावलांवर असणार, पण दिसत नव्हतं. आत कोणतं तरी जहाज होतं. इंजिनाची धडधड येत होती, जहाज दिसत नव्हतं. पायाखालून एखादी मोटार गेली की जमीन किंचित थरथरायची.

तेवढ्यात हे ओरडले.

"पाणी सोडतोय रे, शशीऽ!"

पाच आठवड्यांनी ऐकलेला तो आवाज यांचा नव्हताच. कोवळा होता, मुलाचा. मला कळायला क्षणभर लागला. सासरे नीरा कालव्यावर पाटकरी होते, शेतांना पाळीपाळीने पाणी सोडायचं काम. ही दोघं पोरं त्यांच्या मदतीला. हे वरच्या दारावर चाकाशी, शशी खाली वळणापलीकडे, जिथे बायका कपडे धुवायच्या. वरून हाक द्यायची, खालून शशीने सगळ्यांना बाजूला करून "सोड" म्हणायचं. "सोड" आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, असा सासऱ्यांचा नियम. लग्न झाल्यापासून हे मी ऐकत आले होते.

हे वाट बघत होते. मान थोडी पुढे, एक हात कुंपणाच्या गजावर, चाक धरल्यासारखा. धुक्याने हाक गिळली होती. एक मिनिट गेलं असेल. यांनी पुन्हा हाक दिली, आणि पुन्हा थांबले.

"सोड" माझ्या ओठांवर आलं होतं. नुसतं दोन अक्षरी उत्तर, मी दिलं असतं तर यांची सुटका झाली असती. पण एकदा मी मधे पडून परस्पर उत्तर दिलंच होतं. मी पदर तोंडात धरला.

खांबावरचा लाउडस्पीकर खरखरला. कोणीतरी आत श्वास घेतल्यासारखा आवाज आला. बोललं कोणीच नाही. मग खट्ट करून तो बंद झाला. लॉक चालवणाऱ्याने आमचा आवाज ऐकून बटण दाबलं असेल, असं केदार नंतर म्हणाला. असेलही.

मग घंटा वाजली, पलीकडचं दार उघडल्याचा घरघराट झाला आणि धडधड लांब लांब गेली. जे जहाज होतं ते आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही.

यांनी गजावरचा हात काढला. वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू मला उठवायला हवं होतंस," हे म्हणाले. आवाज आता यांचा होता, गंजलेला.

"हो," मी म्हटलं.

"कितीही झोपलो असलो तरी."

"हो."

हे गाडीच्या दिशेने चालू लागले. मग म्हणाले, "चहा आहे का?" हॉटेलात भरून घेतलेला थर्मास गाडीत राहिला होता. केदार तो घेऊनच समोरून येत होता, त्याला आमच्या तोंडाकडे बघून काहीतरी कळलं असावं. त्याने काही न विचारता झाकणात चहा ओतला. "साखर कमी आहे," हे म्हणाले, तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या मुलाने तोंड फिरवलं.

परत येताना बांधावर धुकं विरळ झालं होतं. दोन्हीकडे राखाडी पाणी दिसलं, दोन्हीकडे अगदी एकाच उंचीवर, असं वाटावं. यांनी केदारला लॉकच्या झडपांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि त्याची दोन्ही उत्तरं चूक ठरवली. माझ्याशी मात्र काही बोलले नाहीत, आणि मीही बोलायला लावलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, सरोवरं बघायला मिळतील. एन्कहाउझनला एक रात्र पुरते. दोन्ही लॉक बघा, आणि जहाज आत असेल तर घाई करू नका, भिंतीवरची ओली रेघ हलताना दिसेपर्यंत थांबा. आम्हाला सरोवरं दिसली नाहीत असंच म्हणायला हवं.

घरी पोचल्यावर यांनी हातपाय धुतले, आणि पुण्याला सुनंदाला, शशीच्या बायकोला, फोन लावला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू होता. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. दोघं बराच वेळ रडली. मग सुनंदा म्हणाली, "भाऊजी, ह्यांचा मोबाइल परत मिळाला. त्यात तुम्हाला केलेला फोन आहे, त्या दुपारचा. एक मिनिटाचा. काय बोलले हो?"

माझ्या हातात ताटली होती. ती मी खाली ठेवली नाही, आवाज होईल म्हणून.

"मीच उचलला," हे म्हणाले. "झोपेत होतो गं. म्हटलं, उद्या बोलू."