लामारा बाई काय सांगत होत्या

लामारा बाईंचा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या नाचाच्या खोलीतून थेट खाली बाजारापर्यंत पोचायचा. "मान! अगं, मान कुठंय तुझी? घरी खुंटीला टांगून आलीस का?" जुम्बेर म्हणायचा, बाई असं ओरडल्या की खाली चीज विकणाऱ्या बायकासुद्धा पाठ ताठ करून बसतात.

हा जुम्बेर म्हणजे आमचा ढोलवाला. आधी कोळशाच्या खाणीत होता. त्याचा भाग बंद पडला तेव्हा घरातला जुना ढोल काखेत मारून बाईंकडे आला, तो राहिलाच. पोशाख शिवणारी बाई, तिचं नाव त्सियाला. तिची नात ननुका आमच्याकडेच नाचते. आणि मी एलिको, अ‍ॅकॉर्डियन वाजवते. आमच्या जॉर्जियातल्या या त्किबुलीत पोरांना नाच शिकवणारे ते आम्ही एवढेच. पण शाळा बाईंची. त्यांनी हाताला धरून आणलं नसतं तर आमच्यातलं कोणी त्या जिन्याची पायरीही चढलं नसतं.

बाई मूळच्या कुतैसी शहरातल्या. लग्न होऊन आमच्या खाणीच्या गावात आल्या. नवरा इंजिनियर. तो कामासाठी म्हणून रशियात गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर मांडलं. बाई काही माहेरी परतल्या नाहीत. मुलगी ईया लहान होती, देशात वीज नव्हती, पावासाठी पहाटेपासून रांगा लागायच्या, आणि त्याच हिवाळ्यात बाईंनी शाळा काढली. लोक म्हणाले, "खायला नाही घरात आणि ही नाचवायला निघाली." बाईंनी पोरांना सांगितलं, येताना एकेक लाकूड आणा, शेगडी पेटवू. पोरं नाचापेक्षा उबेला यायची. एकानं घरच्या खुर्चीचा पाय उपटून आणला, तर त्याला तसाच परत पाठवला. म्हणाल्या, "नाचाला खुर्ची लागत नाही, पण तुझ्या आजोबांना लागते."

पुढे वीज आली, पण पोरांच्या आया जायला लागल्या. कोणी ग्रीसला, कोणी इटलीला, तिकडच्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला. आजीच्या हाती राहिलेल्या पोरी विस्कटलेल्या केसांनी वर्गात यायच्या. बाई त्यांना पुढ्यात बसवून वेणी घालायच्या, इतकी घट्ट की पोरींचे डोळे तिरपे व्हायचे. "बाई, दुखतंय." "दुखू दे. मान ताठ राहील." मग एक दिवस ईयासुद्धा गेली, आपली मुलं सासरी ठेवून. बोलोन्याला, एका इटालियन म्हातारीकडे. कागदपत्रं नव्हती तिच्याकडे. तिथून एकदा निघाली तर परतीचं दार बंद.  त्या आठवड्यात बाईंनी वेण्या आणखी घट्ट घातल्या.

वर्गात त्यांचा एक नियम होता, तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. एकदा ढोलाचं कातडं फाटलं आणि जुम्बेर बोलून गेला, "सैतान नेवो!" बाईंनी दाराकडे बोट केलं. हा सहा फुटी माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, मुकाट्यानं बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

मार्चमधली गोष्ट. लहान पोरींचा वर्ग चालला होता. मी वाजवत होते. बाई म्हणाल्या, "आलुबुखार वर!"

पोरी खिदळल्या. बाईही थोड्या हसल्या. हात उचलून म्हणाल्या, "अगं, आलुबुखार! आलुबुखार वर घ्या!" मग त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या, जणू चूक माझ्या वाजवण्यात होती. त्यांच्या तोंडाची एक बाजू ओघळल्यासारखी खाली आली. मी अ‍ॅकॉर्डियन गळ्यातून काढेपर्यंत त्या फरशीवर बसल्या होत्या. जुम्बेरनं त्यांना पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. पोरी अजून हात वर करूनच उभ्या होत्या. खाली घ्या म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

कुतैसीच्या दवाखान्यात त्यांचा जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून विचारलं, "लामारा, पाणी देऊ का गं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सैतान नेवो."

जुम्बेर फिस्सकन हसला. मग त्यानं तोंडावर हात धरला आणि कोणी न सांगता बाहेर व्हरांड्यात गेला. बराच वेळ आला नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. शिव्याशाप डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतात, तेवढा कोपरा वाचला. आणखी शब्द येतीलही कदाचित. आम्ही वाट पाहिली. नाही आले. पाणी हवं तर सैतान नेवो, नको तर सैतान नेवो, त्सियालानं नवा गाउन शिवून आणला तर तिचा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, सैतान नेवो. आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू यायचं. तेच सगळ्यात वाईट होतं. तोंडातून शब्द निघाला की चेहरा असा व्हायचा, जणू कोणी दुसऱ्यानंच त्यांच्या तोंडातून तो उच्चारला.

रोज संध्याकाळी ईयाचा फोन यायचा. मी फोन त्यांच्यासमोर धरायची. "आई, जेवलीस का?" "सैतान नेवो." ईया हसायचा प्रयत्न करायची. फोन माझ्याकडे आला की म्हणायची, "एलिको मावशी, तिला काय हवंय ते नीट विचारा ना. मी इथं दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालते, तिचे पाय चेपते, आणि माझ्या आईला..." मग एकदम, "येऊ का मी? सांगा, येऊ का?" आता मी काय सांगणार? आली असती तर बाईंची औषधं आणि तिच्या मुलांच्या फिया कुठून आल्या असत्या? मी म्हणायची, "आम्ही आहोत ना इथं." एवढंच बोलता यायचं.

आणि होतोच आम्ही. सकाळी त्सियाला जायची, न्हाऊमाखू घालायची. दुपारी शाळकरी पोरींपैकी कोणी ना कोणी राजमा किंवा घोमी, म्हणजे मक्याची लापशी, घेऊन यायची आणि भरवायची. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी नुत्सा औषधाच्या दुकानात कामाला होती, ती गोळ्यांचं बघायची. वर्ग बंद ठेवायचा तर पोरं पांगली असती, म्हणून नुत्सालाच आम्ही शिकवायला उभं केलं. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. "मला येत नाही हो. मी बाईंसमोर नाचलेय, बाईंसारखी कधी नाही." जुम्बेर म्हणाला, "आम्हाला तरी कुठं येतं? चल, मी ठेका धरतो, तू ओरड."

मे महिन्यात आम्ही बाईंना वर्गात आणलं. इमारतीला लिफ्ट नाही. जुम्बेर आणि मोठी पोरं त्यांना खुर्चीसकट उचलून दोन मजले चढवायची. शेगडीपाशी खुर्ची ठेवली की बाई डाव्या हातानं केस सारखे करायच्या आणि वर्गाकडे बघायच्या. आम्हाला वाटलं, किती बरं केलं आपण.

बरं काहीच नव्हतं. बाईंना सगळं दिसत होतं. कोणाचा खांदा पडलाय, कोणाची टाच आपटतेय. लहान पोरींचा उजवा हात खाली राहत होता. बाईंनी दाखवायला हात उचलला, पण उचलता येत होता तो डावाच. पोरींनी लगेच डावे हात वर केले. बाईंनी मान हलवली, पुन्हा डावा हात. पोरींनी डावे हात आणखी वर नेले. बाई ओरडल्या, "सैतान नेवो!" पोरी घाबरून दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. सगळ्यात धाकटी, तीन वेण्यांची तात्या नावाची पोर, मुसमुसायला लागली. "बाई, मी काय केलं?" बाईंनी तिला जवळ घेतलं, तिच्या कपाळाचा मुका घेतला, आणि हळू आवाजात, समजूत काढावी तसं तिच्या कानात म्हणाल्या, "सैतान नेवो, सैतान नेवो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

गावात बोलणं झालंच. एक आजी तणतणत आली. "माझ्या नातवाला तुमच्या बाई शाप देतात! घरात आजारपण आलं तर?" त्सियालाच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून ती म्हणाली, "तुझ्या नातवाला पाद्र्यानं आशीर्वाद दिला ना, तरी तो डावा पाय वाकडाच टाकणार. बस खाली, कॉफी घे." आजी बसली. नातवाला शाळेतून काढलं नाही तिनं.

शरदात कुतैसीला नाचाचा मेळावा होता. त्यात आमची ननुका आणि साबा कार्तुली नाचणार होती. कार्तुली म्हणजे मुलगा-मुलीचा जोडीचा नाच. मुलगा मुलीभोवती फिरतो, पण त्याच्या बाहीचं टोकही तिला लागता कामा नये. दोघं गेली तीन वर्षं बाईंच्याच हाताखाली तो बसवत होती. तालमी सुरू झाल्या आणि एका जागी बाई त्यांना थांबवायला लागल्या. ननुका वळते, साबा तिच्या मागून येतो, तिथंच. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा ठोकायच्या, मान हलवायच्या.

"हात का?" नुत्सा विचारायची. नाही.

"अंतर कमी पडतंय?" नाही.

"एलिको मावशी भरभर वाजवते?" जुम्बेर म्हणाला, "हं, तेच असणार." मी हळू वाजवलं. नाही. भरभर वाजवलं. नाही. साबानं डोळे झुकवून बघितले, वर करून बघितले. ननुकानं वळायची बाजू बदलली तेव्हा तर बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही चित्रं काढून दाखवली, अक्षरांची पाटी पुढ्यात ठेवली. बाई पाटीवर बोट फिरवायच्या आणि बोट भलत्याच अक्षरावर थांबायचं. मग पाटी ढकलून द्यायच्या. साबा एकदा त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, मी पाहिजे ते करतो. फक्त काय करू ते सांगा." बाईंनी त्याच्या गालावर हात ठेवला. ओठ हलत होते. त्या खरोखर शब्द शोधत होत्या, अंधारात किल्ली शोधावी तशा. शेवटी जे यायचं तेच आलं, आणि त्या वेळी त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा नाही, ईया गेली तेव्हाही नाही.  जुम्बेर ढोल पोटाशी धरून नुसता उभा.

मेळाव्याला आम्ही त्यांना घेऊन गेलो. पहिल्या रांगेच्या कडेला खुर्ची ठेवली. त्सियालानं रात्रंदिवस एक करून ननुकाचा पांढरा झगा शिवला होता. पोरं सुरेख नाचली, मी पक्षपात करत नाही. ननुका पाण्यावरून यावी तशी आली. ती जागा आली तेव्हा मी वाजवता वाजवता बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, परीक्षकांनी पोरांचं कौतुक केलं, साबाच्या आजोबांनी तिथंच वाईनची बाटली उघडली. पोरं धावत बाईंकडे गेली. बाईंनी दोघांनाही जवळ घेतलं. ननुका त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तिथं चुकलंच ना, बाई?" बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ना हो, ना नाही. काय चुकलं होतं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कुतैसीतल्या जाणकारांना विचारलं, तेही म्हणाले, काहीच तर चुकत नाही.

जानेवारीत बाईंना दुसरा झटका आला. त्यात तो शापही गेला. आता त्या डोळे उघडतात, घास तोंडाशी नेला तर गिळतात. बघतात, पण कोणाकडे ते कळत नाही. ईया फोनवर बोलत राहते. लहानपणीचं काहीबाही, आज म्हातारीला काय शिजवून घातलं ते, तिथं पाऊस आहे ते. मी फोन बाईंच्या कानाशी धरून बसते. हात अवघडला की दुसऱ्या हातात घेते. "मावशी, ऐकतेय का ती?" ईया विचारते. मी म्हणते, "ऐकतेय गं." खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही.

नुत्सा आता बरी शिकवते. ओरडायला मात्र तिला अजून जमत नाही, पोरं तिला घाबरत नाहीत. त्सियालाची नजर कमी झाली, सुईत दोरा ननुका ओवून देते. जुम्बेर खोकतो फार, खाणीतला खोकला आहे तो, पण सोमवारी शेगडी पेटवायला सगळ्यांच्या आधी येतो.

सप्टेंबरात नवीन पोरं नाव घालायला आली, थंडी यंदा लवकर पडली होती. एक आजोबा नातीचा हात धरून दारात उभे राहिले. डोंगरावरच्या गावातून बसनं आले होते, दोन मजले चढून घामाघूम झालेले. टोपी काढून म्हणाले, "हिला लामारा बाईंकडे घालायची आहे. हिच्या आईलाही त्यांनीच शिकवलं होतं. कोणत्या त्या?"

नुत्सानं माझ्याकडे बघितलं. जुम्बेर वाकून शेगडीत लाकूड सरकवायला लागला, शेगडी चांगली पेटलेली असताना.

"बाई घरी असतात आता," मी म्हटलं. "या, आत या. बसा."