टेकडीचा मुरूम

केशव गुरुजी माती चाखून बघत. मी शाळेत रुजू व्हायला गेले त्या सकाळी ते पटांगणात उकिडवे बसले होते. चिमूटभर माती दातांखाली धरून त्यांनी डोळे मिटले होते, वैद्य नाडी बघताना मिटतो तसे. भोवती मुलांचं कोंडाळं. मग त्यांनी चूळ भरली आणि निकाल दिला, "कचकच आहे. म्हणजे रेती आहे." माझ्याकडे लक्ष गेल्यावर म्हणाले, "तुम्ही नव्या बाई ना? हात पुढं करा." मी नमस्कारासाठी जोडलेले हात सोडवले तर त्यांनी तळहातावर दुसऱ्याच ओल्या मातीचा गोळा ठेवला. "शेवई वळा."

मी पुण्याहून ट्रेनिंग करून आलेली, इस्त्रीचं पातळ नेसलेली. पण वळली शेवई. लांबलचक, न तुटता झाली. मुलं हसली. तानी नावाची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "बाई, ही कुंभाराची माती हाय. रस्त्याला न्हाई चालत." माझा पहिला धडा मी असा विद्यार्थिनीकडून घेतला.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीकडे पहिले कारखाने उभे राहत होते आणि नाशिकच्या मोठ्या रस्त्यावर डांबर पडत होतं. आमचं गाव चाकणच्या अलीकडे, त्या रस्त्यापासून कोसभर आत. मधे काळ्या रानातली गाडीवाट आणि एक ओढा. पावसाळ्यात ही वाट बुडाली की गाव तुटायचं. टपालसुद्धा यायचं नाही. दोन शिक्षकांची शाळा, आणि तिचे मुख्य केशव गुरुजी.

गुरुजींचं शिकवणं पुस्तकात कमी आणि पटांगणात जास्त. "पुस्तक खोटं बोलत नाही बाई, पण ते भिजतही नाही," असं ते म्हणत. रस्त्याच्या सामानाचा त्यांनी एक अभ्यासक्रमच केला होता. नदीतले गोल गोटे आणि फोडलेली खडी असे दोन ढीग करायचे आणि मुलांना त्यांवर उभं करायचं. गोट्यांवर पाय घसरायचा, खडीवर ठरायचा. "गोल दगड एकमेकांचा हात धरत नाहीत," गुरुजी सांगत, "कोपरे असले की माणसं भांडतात, पण दगड एकत्र राहतात." काचेच्या बरणीत माती घुसळून ठेवायची आणि जड काय, हलकं काय, कोण आधी खाली बसतं ते बघायचं. मोठ्या रस्त्यावरच्या मुकादमाकडून मागून आणलेला डांबराचा तुकडा उन्हात ठेवला की पसरायचा, माठातल्या पाण्यात बुडवून ठोकला की काचेसारखा तुटायचा. मुलं चकित व्हायची. मीही व्हायचे.

या सगळ्याला हत्यारं पुरवायच्या माई, गुरुजींच्या पत्नी. पुरवायच्या म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातून ती नाहीशी व्हायची. मूलबाळ नव्हतं, शाळेला लागूनच दोन खोल्यांत दोघं राहत. मधल्या सुट्टीत माईंचा आवाज यायचा, "अहो, माझी चाळण कुठाय?" चाळणीतून खडीचा भुगा चाळला जात असायचा. "आता हिच्यातून पीठ कसं चाळू? पोळीत दगड येतील!" गुरुजी शांतपणे म्हणत, "येऊ देत. कोणत्या जातीचा दगड ते मुलं सांगतील." माई पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खलबत्ता बाहेर आणून ठेवायच्या.

मी तिथं जाऊन दुसरा उन्हाळा लागला तेव्हा गावाचा रस्ता मंजूर झाला. सरकारनं खडीचे थोडे ढीग आणि ती दाबायचा रूळ द्यायचा, गावानं अंगमेहनत आणि भराव. गुरुजींच्या चेहऱ्यावर तो आनंद बघावा! पण भराव कशाचा? ओढ्याजवळ पडीक खड्डा होता, त्याची पिवळट माती हाताशी होती. चांगला मुरूम होता टेकडीला, गावाच्या पार पलीकडे.

गुरुजींनी दोन्हीकडची माती वर्गात आणवली. मुलांनी वड्या थापल्या, वाळवल्या आणि परातीत पाणी ओतून त्यात ठेवल्या. टेकडीच्या मुरुमाची वडी कडांना जरा झडली, पण उभी राहिली. खड्ड्याच्या मातीची वडी मुलांच्या डोळ्यांदेखत बसली, पसरली, आणि परातीत नुसता चिखल उरला. मग तानी म्हणाली, "गुरुजी, हे अण्णांना दावू या का?"

अण्णा म्हणजे सरपंच. गुरुजी मुलांना आणि परात घेऊन चावडीवर गेले, मागून मी. मुलांनी सगळ्यांसमोर पुन्हा वड्या भिजवल्या. अण्णांनी लक्षपूर्वक पाहिलं. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी तानीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मास्तर, पोरं हुशार केलीत. खोटं न्हाई. पण टेकडी हाय कुठं आन् आमी हाय कुठं? समद्यांच्या गाड्या शेणखत वाहायला लागल्यात. पेरणीच्या आधी बैलं मोडून घेऊ व्हय?"

"अण्णा, एक वर्ष थांबू. पुढच्या उन्हाळ्यात टेकडीवरून आणू."

"थांबून कसं चालंल? मिरगाच्या आत साहेब फीत कापायला येणार. आज न्हाई म्हणलं तर रूळ दुसऱ्या गावाला जाईल. मग बसा बोंबलत."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गुरुजींनी परात उचलली.

काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी गुरुजी टोपलं घेऊन हजर! खड्ड्याची ती पिवळी माती ते इतरांबरोबर वाहत होते. तानीनं त्यांना वाटेतच गाठलं. "गुरुजी, ही तर तीच माती."

"तीच आहे."

"मंग?"

त्यांनी डोक्यावरचं टोपलं सावरलं. "गाव कधी नव्हे ते एक होऊन कामाला लागलंय, बाळ. मी एकटा बाजूला बसून कसं चालेल?" असं म्हणून त्यांनी माती ओतली. तानीनंही मग आपलं घमेलं ओतलं, पण त्यांच्याकडे न बघता.

रस्ता दिसायला देखणा झाला. साहेब आले, फीत कापली, शाळेनं स्वागतगीत म्हटलं. अण्णा गुरुजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय मास्तर! उगा घाबरवत व्हता की आमाला." गुरुजी हसले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण चुकलो तर किती बरं होईल. त्या दिवशी ते माईंसमोर हात जोडून म्हणाले, "देवा, मला एकदा खोटं पाड."

श्रावण लागेपर्यंत रस्ता भिजून भिजून खीर झाला होता. एका संध्याकाळी माईंच्या पोटात कळ आली. ओव्याचं पाणी घेऊन त्या पडून राहिल्या. "होईल कमी," म्हणाल्या. सकाळी त्यांचं अंग गार घामानं भिजलं होतं आणि उजव्या कुशीला हात लावू देत नव्हत्या. अण्णांनी आपली खिल्लारी जोडी स्वतः गाडीला जुंपली. मी माईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

ओढ्याच्या अलीकडे गाडी आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यांवर आले. माणसांनी चाकांना खांदे दिले, फांद्या टाकल्या, तरवडाचे भारे टाकले. चाक जितकं हलवावं तितकं खाली जात होतं. गुरुजी गुडघे टेकून हातांनी चाकाखालचा चिखल उपसत होते. तो चिकट चिखल त्यांच्या बोटांतून लांब लांब निघत होता, तुटत नव्हता. माईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, पुरे. हात बघा कसे झालेत."

शेवटी बाज आणून माईंना तीवर घातलं आणि बांधाबांधानं मोठ्या रस्त्याला नेलं. एका ट्रकवाल्यानं चाकणला पोचवलं. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि पुण्याला न्या म्हणाले, ऑपरेशन लागेल. निरोप घेताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सकाळीच आणायचं होतं हो." आम्ही सकाळीच निघालो होतो. मोशीच्या अलीकडे माई गेल्या.

तेराव्याला अण्णा आले. उंबऱ्यातच बसून मोठ्यानं रडले. "मास्तर, मला जोड्यानं मारा." गुरुजींनी त्यांना पाणी दिलं. "अण्णा, मीही माती टाकली ना," एवढंच म्हणाले. अण्णांना त्यातून काय कळलं कोण जाणे, पण ते त्यानंतर शाळेकडे फिरकले नाहीत.

गुरुजी वर्गावर रुजू झाले, आणि शिकवू लागले ते पुस्तकातून. "रस्त्याचे प्रकार दोन. कच्चा आणि पक्का. लिहा." मुलं लिहायची. पटांगण रिकामं असायचं. त्या हिवाळ्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले आणि एवढी शांत, टापटीप शाळा तालुक्यात पाहिली नाही म्हणाले. गुरुजींनी मान लववून आभार मानले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

एकदा मीच मुलांना घेऊन पटांगणात गेले. खडी जमवली, पाणी आणलं. गुरुजी दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. मुलं पांगल्यावर म्हणाले, "बाई, शिकवू नका असं मी म्हणणार नाही. मुलांना कळेल, लवकर कळेल. पण कळल्यावर पुढं काय करायचं, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर शिकवा." मला येत नव्हतं. आजही येत नाही.

उन्हाळ्यात गावानं रस्त्याची डागडुजी काढली. गाड्या परत शेणखत वाहण्यात अडकल्या होत्या. माती परत त्याच खड्ड्यातून आली. गुरुजींनी बदलीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

ते निघाले त्या दिवशी अर्धं गाव पोचवायला आलं होतं. त्यांची ट्रंक आणि वळकटी गाडीवर ठेवली, पण गुरुजी गाडीत बसले नाहीत. माई गेल्यापासून त्यांनी त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. चाकणला जायचं तर शेताच्या बांधानं जात. त्या दिवशीही ते बांधावर चढले आणि चालू लागले. इकडे रस्त्यावर गाडी, गाडीमागे अण्णा, मी, गावकरी. तिकडे रस्त्याला लागून बांधावरून एकटे गुरुजी, हातात छत्री. थोडं पुढं गेल्यावर तानी आमच्यातून निघाली आणि बांधावर चढली. तिच्यामागे आणखी चार-पाच मुलं.

गुरुजी थांबले. वळून त्यांनी मुलांना छत्रीनं खुणावलं.

"खाली उतरा रे. बांधावर साप असतात. रस्त्यानं चला."

मुलं जागच्या जागी उभी राहिली. तानी रडत होती. गुरुजी पुन्हा चालायला लागले, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.