एक्केचाळीस कडुनिंब आणि भाऊंचा वाढदिवस

भातकुलीत खुशालरावांच्या घरी कुणाचं काही साधंसुधं होत नाही. जे होतं त्याचा फ्लेक्स होतो. खुशालराव पंचायत समितीचे माजी सभापती. त्यांचे चिरंजीव किशोरभाऊ जिल्हा परिषदेचे माजी आणि, पक्षाच्या मनात आलं तर, भावी सदस्य. नात दामिनी दहावीत एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली तेव्हा बसस्टँडसमोर 'घवघवीत यश' असा आठ फुटी बोर्ड झळकला. तिच्याच वर्गातली, चौऱ्याण्णव टक्के मिळवलेली दीपमाला त्याच बोर्डाखालून रोज सायकलवर जायची आणि वर बघून मनसोक्त हसायची. दामिनीनं महिनाभर घराबाहेर तोंड दाखवलं नाही. पुढे ह्याच दोघींची गट्टी जमली, ती आजतागायत आहे.

दामिनी शिकायला अकोल्याला गेली. घराण्याला वाटलं, वकील होईल, भाषण करील. तिनं कृषी विद्यापीठात वनशास्त्र घेतलं. हॉस्टेलच्या फाटकाशी एक कडुनिंब होता आणि त्याच्या अंगावर कोचिंग क्लासच्या पत्र्याच्या पाट्या. एका रविवारी तिनं मेसच्या आचाऱ्याची पक्कड मागून आणली आणि सहज म्हणून एक खिळा उपटला. मग दुसरा. जेवणाची घंटा झाली तेव्हा एका झाडातून त्रेसष्ट खिळे निघाले होते आणि आचारी पक्कड मागत मागे उभा होता. कुणाला कवितेचं वेड लागतं, कुणाला क्रिकेटचं. हिला खिळ्यांचं लागलं.

गावी परतल्यावर तिनं बडनेरा-भातकुली रस्त्यावरचे एक्केचाळीस कडुनिंब हाती घेतले. सोबत दीपमाला, आता शाळेत शिक्षिका. रेल्वेतला स्वप्निल, ज्याची ड्युटी रविवारी हमखास 'बदलून मिळायची'. आणि कॉलेजच्या चार-पाच पोरी. खिळा काढायचा, भोकात मेण भरायचं, पुढचं झाड. बोअरवेलवाले, प्लॉटवाले, भोंदू बाबा, सगळ्यांचे खिळे निघाले. सर्वांत जास्त खिळे मूळव्याधीच्या एका डॉक्टरचे. त्याचा माणूस एकदा हातोडी घेऊनच आडवा आला.

"आमचे काढता, मंग घरचे? तुमच्या बाबाचे बोर्ड काय हवेत लटकतेत?"

दामिनीनं पुढचा खिळा उपटला, पण ते बोल मनात राहिले. तहसील कचेरीतल्या सत्काराच्या कार्यक्रमात माईक हाती आला तेव्हा ती बोलून गेली, "फेब्रुवारीच्या आठ तारखेले या रस्त्यावर एक खिळा दिसणार नाई. कोणाचाबी." टाळ्या पडल्या. तिथं तिला प्रमाणपत्रही मिळालं. दुसऱ्याच दिवशी भाऊंचा उजवा हात असलेल्या नितेशनं 'वृक्षमित्र दामिनीताईंचे हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स सहाव्या कडुनिंबावर लावला. चार खिळे, चांगले चार इंची.

"नितेशभाऊ, हे काय हो?"

"काहून? स्पेलिंग चुकली का ताई?"

नितेशवर रागावणं अवघड होतं. तो प्रेमानंच ठोकायचा.

आठ तारीख उजाडली. रविवार. शनिवारपर्यंत चाळीस झाडं साफ होती, गावाजवळचं एक्केचाळिसावं तेवढं उरलं होतं. सकाळी साडेसहाला दामिनी स्कूटीवरून निघाली आणि पहिल्याच वळणावर तिनं ब्रेक दाबला. झाडावर बाबा हसत होते. पुढच्या झाडावर हसत होते. त्याच्या पुढच्याही. एक्केचाळीस कडुनिंबांवर एक्केचाळीस किशोरभाऊ, हात जोडून. 'भावी अध्यक्ष यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.'

माईक हाती घेताना आठ तारीख बाबांचा वाढदिवस आहे हे ती साफ विसरली होती. त्यात दहा वाजता पक्षाचे निरीक्षक अकोल्याहून याच रस्त्यानं येणार होते. भाऊंचं वजन किती ते पाहायला. तिकीट त्यांच्या अहवालावर होतं.

बडनेऱ्याकडच्या टोकाला दीपमाला पहिल्या झाडाला टेकून उभी होती. "काय करायचं? का आज सुट्टी?"

प्रश्न गोड आवाजात होता, पण दामिनीला झोंबला. आज हात आखडला तर उद्या तो डॉक्टरचा माणूस हातोडी घेऊन हजर, आणि त्याला अडवायला तोंड कुठलं? आणि काढले तर पाच वर्षं गावोगाव फिरलेल्या बाबांच्या तिकिटावर पोटच्या पोरीनंच पाणी ओतलं असतं.

तिनं पिशवीतून पक्कड काढली. "सुट्टी कायची? उशीर झाला म्हन."

मग काय विचारता! चार जणी खिळे उपटतायत, स्वप्निल बोर्ड उतरवून गुंडाळतोय, दामिनी पुढे पळतेय. आठ वाजेपर्यंत पंधरा झाडं. नऊला एकतीस. बत्तिसाव्यावर नितेशची मोटारसायकल किंचाळत थांबली.

"ताई! काय करून राहिल्या तुमी? भाऊचं तोंड गुंडाळून ठेवलं!"

"मेण द्या इकडं."

नितेशनं मेण दिलं, मग भानावर येऊन फोन लावला. दामिनी एक्केचाळिसाव्यावर पोचली तेव्हा तिथं गाडी येऊन उभी होती. कडक इस्त्रीतले किशोरभाऊ उतरले, मागून काठी टेकत खुशालराव.

"दामिनी, एक दिवस. फक्त आजचा दिवस. साहेब येऊनच राहिले अकोल्याहून."

"बाबा, आज तुमचे ठेवले तं उद्या कोण ऐकन माहं?"

"अन् माहं तिकीट गेलं तं मले कोण इचारन?"

खरं दोघांचंही होतं, पंचाईत तीच होती.

खुशालराव तोवर झाडापाशी गेले होते. त्यांनी खोडावरच्या एका फुगवट्यावर काठी टेकवली. "इथं माही पाटी आहे. सन एकोणऐंशी. झाडानं खाल्ली."

"आबाजी, खरंच?" दामिनी आजोबांजवळ आली.

"हाव. मीच ठोकली. अन् उलटी ठोकली होती गा! डोकं खाली, पाय वर."

"तरी निवडून आले?"

"पाटीनं थोडी आलो? मतदानाच्या दिवशी माही माणसं उभी होती रस्त्यानं. लोकायनं माणसं पाह्यली."

दामिनी एकदम वळली. "नितेशभाऊ, स्वागताले पोट्टे किती आणले?"

"दीडशे. पोहे खाऊन राहिले शाळेपाशी."

"दोघं-दोघं एका बोर्डाले. हातात धरून. आत्ता!"

"हातात? उन्हात? ताई, हात दुखतीन ना!"

"झाडाचे नाई दुखले इतकी वर्षं?"

नितेशनं भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी घड्याळाकडे. पावणेदहा. "पाहतो काय माह्या तोंडाकडे?" भाऊ ओरडले, "पळ!"

अशी धावपळ भातकुलीनं निवडणुकीतही पाहिली नव्हती. तोंडात पोहे, काखेत फ्लेक्स, एका गाडीवर तिघं-तिघं. दीपमाला शाळेतल्यासारखी ओळ लावतेय, "अरे, उलटा धरला! भाऊचे पाय वर झाले!" आणि दहा वाजून सात मिनिटांनी बडनेऱ्याकडून पांढरी गाडी आली तेव्हा प्रत्येक कडुनिंबाच्या सावलीत दोन जिते-जागते कार्यकर्ते भाऊंना ताणून धरून उभे होते. खोडं मोकळी होती.

गाडी हळू झाली. आणखी हळू. मधल्याच एका झाडापाशी निरीक्षक खाली उतरले.

"बोर्ड तर सगळीकडे पाहतो. ही माणसं बोर्ड धरून का उभी आहेत?"

"साहेब," घामाघूम नितेश म्हणाला, "झाडाले खिळे ठोकायचे नाईत म्हनते आमची ताई."

"आणि तुम्ही ऐकता?"

"ऐकाच लागते. पक्कड आहे तिच्यापाशी."

निरीक्षक हसले. वहीत काहीतरी लिहिलं. शेवटच्या झाडाशी किशोरभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "इतकी माणसं उभी करणारं नाव मी वर पाठवतो." आता 'वर' काय होतं हे कुणालाच कळत नसतं, पण भाऊंचा चेहरा त्या बोर्डांवरच्यापेक्षाही रुंद झाला.

गाडी गेली. एक्केचाळिसाव्या खोडावर एक खिळा उरला होता, जुना, गंजलेला. दामिनीनं दोनदा जोर लावला. ढिम्म.

"आण इकडं," किशोरभाऊ म्हणाले.

त्यांनी बाह्या वर केल्या, एक पाय खोडाला लावला आणि हिसका दिला. खिळा निघाला आणि भाऊ पांढऱ्या लेंग्यासकट काळ्या मातीत बसले. खुशालरावच आधी हसले. भाऊंनी बसल्या बसल्याच खिळा लेकीपुढे धरला. "घे. आठ तारीखच आहे ना आज?"

"हाव बाबा." ती भोकात मेण भरू लागली.

स्वप्निलनं फोटो काढला. नितेश स्क्रीनवर वाकला आणि त्याचे डोळे चमकले. "भाऊ, काय फोटो आहे! याचा एक मोठा फ्लेक्स..."

सगळ्या रस्त्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"हातात धरीन ना," तो म्हणाला. "मीच धरीन."