तारखेची रिकामी चौकट

ऑफिसात त्याला सगळे चौकटराव म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. ज्यूंविषयीचा द्वेष कसा रुजतो, माणसांची गावंच्या गावं कशी संपवली जातात, याचा अभ्यास करणाऱ्यांना अनुदान देणारी ती संस्था. प्रत्येक अर्ज समितीपुढे जाण्याआधी त्याच्या खिडकीजवळच्या टेबलावर यायचा. हिरवी पेन्सिल कानामागून काढून तो एकेक रकाना तपासायचा. एक जरी चौकट रिकामी दिसली की ‘अपूर्ण’ असा शिक्का, आणि कागद आल्या वाटेनं परत. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

“चौकटराव, लग्नाआधी वहिनींकडूनही फॉर्म भरून घेतला होता का?” टपाल घेणारी बाई विचारायची.

“घेतला होता ना. एक चौकट रिकामी राहिली, तिथंच फसलो.”

त्या सकाळी तिनं एक जाड पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. “ओळखीचं आहे बरं का. गेल्या वर्षी तुम्ही परत पाठवलेलं.”

अर्ज एका निवृत्त शिक्षिकेचा होता. महायुद्धात एका लहानशा गावातले सगळे ज्यू एका आठवड्यात घरांतून नेले गेले, त्यांच्यावर तिला काम करायचं होतं. सोबत एकशे चौदा जणांची यादी होती. नाव, वय, घर, मृत्यूची तारीख. पहिले तीन रकाने वळणदार अक्षरात भरलेले. चौथा वरपासून खालपर्यंत कोरा.

त्याला आठवलं. गेल्या वर्षी शिक्का मारताना तो टपालबाईला म्हणाला होता, “जन्मभर पोरांचे पेपर तपासले आणि स्वतःला चार रकाने भरता येईनात.” दोघंही हसले होते.

सवयीनं त्याचा हात शिक्क्याकडे गेला. तेवढ्यात यादीला टाचलेली चिठ्ठी दिसली.

‘ही माणसं कोणत्या दिवशी गेली ते कुणी लिहून ठेवलं नाही. तेच शोधायला मी अनुदान मागते आहे. चौकटी भरता आल्या असत्या तर तुमच्याकडे आलेच नसते. त्यातून जिवंत परतलेली एक आजी गेल्या वर्षी अर्ज केला तेव्हा होती. अनुदान मिळालं की तिच्याकडे जायचं ठरलं होतं. ती या हिवाळ्यात वारली.’

त्यानं शिक्का खाली ठेवला. दिवसभर मग दुसरा कागद हातात धरवेना.

संध्याकाळी घरी बायको नवीन कॅलेंडर पसरून बसली होती. वर्ष बदललं की जुन्यावरचे सगळ्यांचे दिवस ती नव्यावर उतरवून घ्यायची. जन्माचे निळ्या शाईत, गेलेल्यांचे काळ्या.

“अहो, आईंचा दिवस यंदा रविवारी आलाय. घरीच असाल.”

जेवण तसंच ठेवून त्यानं तिला सगळं सांगितलं, हसल्याचंसुद्धा. तिनं पेन खाली ठेवलं.

“पण नियमच तसा असेल तर तुमचा काय दोष?”

“नियम मी कधी वाचला होता?” तो म्हणाला. “जुन्या साहेबांनी दाखवलं तसं करत आलो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटातून नियमांची पुस्तिका काढली आणि उभ्यानंच वाचली. ‘उपलब्ध असलेली माहिती भरावी.’ उपलब्ध असलेली. तो संचालकबाईंच्या खोलीत गेला.

“मॅडम, गेल्या वर्षीचा अर्ज नियमानं परत गेला नव्हता. माझ्यामुळे गेला होता.”

त्यांनी पुस्तिका पाहिली, चिठ्ठी वाचली. “यंदाचा पुढे पाठवा. झालं ते झालं.”

“समितीकडे जाणाऱ्या वरच्या कागदावर मागच्या नकाराचं कारण लिहायचं असतं.”

“‘अपूर्ण’ लिहा. कोण विचारणार आहे?”

तेच त्याला नको होतं. त्यानं शाईनं लिहिलं, ‘तपासणाऱ्याची चूक. नियम न वाचता अर्ज परत केला.’ खाली स्वतःची सही केली. मग शिक्षिकेला फोन लावला. माफी मागायची वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही धड बाहेर पडेना.

“माफीचं राहू द्या,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “आजी गेली. आता कागदच शोधायचे. अर्ज पुढे गेला का, तेवढं सांगा.”

“गेला, बाई.”

“बरं.” तिनं फोन ठेवला.

समितीनं अनुदान मंजूर केलं. त्याची ती ओळ बैठकीतल्या सगळ्यांनी वाचली असणार, पण कुणी एका शब्दानं बोललं नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. टपालबाईनं चौकटराव म्हणणं मात्र आपणहून बंद केलं.

आईंच्या दिवशी, रविवारी, बायकोनं त्यांच्या फोटोपुढे दिवा लावला. हात जोडून झाल्यावर ती म्हणाली, “त्या एकशे चौदा जणांसाठीही एक लावू का?”

“लाव की,” तो म्हणाला. मग कॅलेंडरकडे पाहत राहिला. “पण कुठल्या दिवशी लावणार?”