म्हशाच्या जत्रेचा नियम

जिवली भित्री आहे हे धसईच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची भाजीवाली मुद्दाम ओरडायची, "जिवले, तुझ्या काकड्यांत साप!" आणि जिवली टोपली टाकून उभी राहायची. पण भित्र्या माणसालाही शेत लावावं लागतं, पोर वाढवावं लागतं. म्हणून तिनं एकेका भीतीला एकेक नियम लावून ठेवला होता. भाताच्या पेंढ्यांच्या उडवीला हात घालायच्या आधी काठीनं ठोकायचं. सिद्धगडाच्या रानात करवंदांना गेलं की मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे जनावर आपणच बाजूला होतं. आणि म्हशाच्या जत्रेत चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. जिथून जत्रेत शिरलो तिथं परत जाऊन उभं राहायचं. तिचा ओमकार लहानपणी घोंगड्यांच्या दुकानांत हरवला होता, तो ह्याच नियमानं सापडला.

तोच ओमकार आता जपानात ओसाकाला कारखान्यात होता. बायको राही आणि तिथंच झालेला भाविक त्याच्याजवळ. त्यानं आईला तिकीट पाठवलं तेव्हा जिवलीनं दोन दिवस जेवण सोडलं. नवरा कमळू म्हणाला, "जा गो. विमान काय तुला हाकायचं नाय."

ओसाकात मात्र तिचे नियम चालेनात. लिफ्ट बोलायची. संडासातून आपोआप पाणी उडायचं. एकदा जमीन हलली, तर राही म्हणाली, "इथं होतं असं," आणि पोळी लाटत राहिली. त्याहून वाईट म्हणजे एका दुपारी राही आटगावला आपल्या आईशी फोनवर बोलत होती ते जिवलीनं ऐकलं.

"ह्यांच्या आई लय घाबरतात गो. त्यांच्या हातात पोर द्यायला माझा जीव होत नाय."

जिवली भाविकची झबली घडी करत होती. खोटं असतं तर भांडता आलं असतं. त्या दिवसापासून तिनं नातवाला मागितलं नाही आणि राहीनं दिलं नाही.

एका सकाळी ओमकार कामावर गेल्यावर राही म्हणाली, "चला आई, बाजार दाखवते. ओसाकात येऊन खाल्लं नाय तर काय केलं? इथली माणसं खाण्यापायी कंगाल होतात म्हणे."

बाजार म्हणजे वरून छप्पर घातलेला लांबच लांब बोळ होता. तोंडाशी लोणच्याची पिंपं आणि थंड बाटल्यांचं लाल यंत्र. आत शिंपल्या भाजत होत्या, वाफा उठत होत्या, दुकानदार आरोळ्या देत होते. एका दुकानावर खाटेएवढा नकली खेकडा टांगला होता आणि त्याच्या नांग्या खरोखर हलत होत्या. जिवली मागं सरली.

"हा तर मुठ्या खेकड्यांचा आजा दिसतो!"

"तुमच्या बांधावरच्या मुठ्यांना सांगू नका, लाजतील बिचारे," राही हसली. मग छातीशी बांधलेल्या भाविकच्या झोळीचा पट्टा सोडवत म्हणाली, "जरा घेता का ह्याला? खांदा भरून आलाय."

तिनं भाविकला खरंच तिच्या हातात दिलं. सात महिन्यांचं ते वजन जिवलीनं छातीशी धरलं आणि जरा वेळ खेकड्याचीही भीती विसरली.

तिथंच चूक झाली. पुढं सुक्या मासळीचा वास आला, अगदी पावसाळ्याच्या बेगमीला आणतो तसा. जिवली त्या वासामागं चार दुकानं पुढं गेली. "राही, ही बघ आपल्या मांदेलीसारखी," म्हणून वळली, तर राही नव्हती. मधून झेंडेवाल्या बाईमागं पन्नासेक माणसं चालली होती. ती संपली तरी राही नव्हती.

जिवलीजवळ फोन नव्हता. तोंडात भाषा नव्हती. हातात दुसऱ्याचं पोर होतं. आपलाच नातू, पण त्या घडीला दुसऱ्याचंच. तिनं नियम धरला आणि खाली मान घालून, गर्दीतून वाट काढत आलो त्या तोंडाशी परत आली. पिंपं होती, लाल यंत्र होतं. ती यंत्राला पाठ लावून उभी राहिली.

राही आली नाही. भाविक आधी तिचं मंगळसूत्र चघळत होता, मग रडू लागला. गणवेशातला एक माणूस आला, वाकला, काहीतरी विचारू लागला. हा पोर काढून घेणार, असंच तिला वाटलं. "नाय, नाय, माझा हाय," म्हणत तिनं त्याच्याकडं पाठ केली. तो गेला, पण थोड्या अंतरावर थांबून पाहत राहिला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. म्हशाचा नियम राहीला कुणी सांगितला होता? ती शहापूरकडची, आटगावची. लग्नाचा बस्ता काढायला कल्याणला गेले होते तेव्हा गर्दीत ही पोरगी चुकली होती. सगळे शोधून दमले आणि ती साडीच्या दुकानाच्या दारात तशीच उभी. "बाबांनी सांगितलंय, हात सुटला तर जागचं हलायचं नाय." तेव्हा जिवली हसली होती, खुंटा हाय का काय ही म्हणून.

म्हणजे जिथं पोर हातात दिलं तिथंच, खेकड्याखाली, ती उभी असणार. पण इथून हललं आणि ती तिथं नसली, तर मग कुठलाच नियम उरणार नव्हता. जिवलीनं भाविकला पदरात घट्ट गुंडाळलं आणि परत त्या बोळात शिरली. रानात बोलतात तशी मोठ्यानं बोलत.

"राही गो! भाविकची आय! आमी आलो गो!"

माणसं दचकून बाजूला होत होती. होऊ देत. जनावरंही होतात.

हलणाऱ्या नांग्यांखाली राही उभी होती. चेहरा पिठासारखा.

"कुठं गेला होतात! मी इथंच हाय ना!"

"मी तोंडाशी होती. जिथून शिरलो तिथं."

"तिथं कोण जातं?"

"म्हशाला सगळे जातात."

राहीनं पोराला घ्यायला हात पुढं केले. ते लटलट कापत होते. तिनं ते पाहिलं, जिवलीनंही पाहिलं. राहीनं हात मागं घेतले.

"तुमीच घ्या, आई. माझ्याकडनं पडेल."

जिवलीचे गुडघेही कापतच होते, पण ते लुगड्यात होते.

मग राहीनं आप्प्यांसारखे गरम गोळे आणले, आत माकूळ माशासारखं काहीतरी चिवट होतं. दोघींची जीभ भाजली. उभ्यानंच खात राही हळूच म्हणाली, "ह्यांना नाय सांगायचं."

"नाय. पण आधी ठरव, परत चुकलो तर कुठं यायचं?"

राहीनं बोळाच्या एका टोकाकडं पाहिलं, मग दुसऱ्या. मग वर बोट केलं. "ह्याच्याखाली."

जिवलीनं वर पाहिलं. त्या नांग्यांची तिला अजून भीती वाटत होती.

"बरं," ती म्हणाली आणि भाविकला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.