काकांचा भुतांचा देखावा

"फुल स्केअर्ड, हाफ स्केअर्ड, ऑर ओन्ली लुकिंग?"

हॅलोविनच्या संध्याकाळी फाटकापाशी आलेल्या प्रत्येक पोराला काका हे विचारायचे. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, कुठं दुखतंय हे विचारणाऱ्या डॉक्टरइतक्या गंभीरपणे. पोराचं उत्तर आलं की गॅरेजकडे तोंड करून ओरडायचे, "वन हाफ!" जणू आत आचारी उभा आहे. आत कुणी नसायचं. दिवे, मोटरी, भुतं, सगळं काका एकटेच सांभाळायचे.

न्यू लिन या उपनगरातल्या आमच्या रस्त्यावर सगळे त्यांना काकाच म्हणत. माझी मुलगी इरा त्यांना तशी हाक मारायची, ते ऐकून शेजाऱ्यांना ते नावच वाटलं. इथल्या रानात काका नावाचा पोपट असतो. समोरच्या मार्गरेटबाईंनी मला एकदा विचारलंही, "तुमच्यात पक्ष्यांवरून नावं ठेवतात का?" मी हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे गं. बायकोसुद्धा पोपटच म्हणायची, फार बडबडतो म्हणून."

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मेलबर्नला. काका माउंट वेलिंग्टनच्या एका कंपनीत दुकानांचे मोठे फ्रीज दुरुस्त करायचे आणि भाड्याच्या घरात एकटे राहायचे. इचलकरंजीत तरुणपणी त्यांनी गणपतीचे हलते देखावे केले होते. पुतळ्याची मान वळवायची, हात वर न्यायचा, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. इथे भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर लावून त्यांनी चादरीचं भूत डोलवलं.

तुम्हाला हॅलोविन म्हटलं की थंडी आणि अंधार आठवत असेल. आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, तेव्हा वसंत असतो. संध्याकाळी साडेसातपर्यंत लख्ख उजेड, आणि त्या उजेडात जांडल्स, म्हणजे रबरी सपाता, घातलेल्या चेटकिणी फटक फटक करत फिरतात. म्हणून काका गॅरेजला आतून काळं कापड ठोकायचे. दोन शनिवार त्यातच जायचे.

इथल्या आमच्या मराठी मंडळींपैकी एकाने त्यांना टोकलं होतं, "अहो, घरात कसली भुतंखेतं आणता?"

"सर्वपित्रीला कावळ्याला पान ठेवतोच की आपण," काका म्हणाले. "इथे पोरं येतात. तीही काव काव करतात."

इरा सहा वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा नेलं. ती माझ्या ओढणीत तोंड लपवून पुटपुटली, "ओन्ली लुकिंग." काकांनी गॅरेजची ट्यूबलाइट लावली, भुताची चादर वर करून तिला मोटर दाखवली, रबरी हात तिच्या हातात दिला. बाहेर दहा-बारा पोरं खोळंबली होती. काकांना कसलीही घाई नव्हती. "बघितलंस? सगळं आपणच केलेलं असतं," ते तिला म्हणाले. त्या रात्री इरा एकटी झोपली.

मार्गरेटबाई मात्र दर हॅलोविनला दुपारीच पडदे ओढून घ्यायच्या. त्यांचा नवरा शेवटच्या आजारात असताना एका हॅलोविनला कुणीतरी सारखी बेल वाजवून त्यांच्या दारावर अंडी फोडली होती. तेव्हापासून बेल वाजली की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. हे काकांना कळलं तेव्हा त्यांनी बाईंना विचारून त्यांच्या फाटकावर एक पाटी लावली: 'या घरातलं भूत झोपलं आहे. कृपया उठवू नये.' त्या संध्याकाळी सगळी पोरं ओठांवर बोट ठेवून, चवड्यांवर चालत तिथून गेली. बाई पडद्याच्या फटीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी काकांच्या पायरीवर फिजोआ या इथल्या फळाच्या चटणीची बरणी होती.

गेल्या वर्षी मालकाने घर विकायला काढलं. काकांना ऑक्टोबरच्या मध्यावर घर सोडायचं होतं. मुलीने मेलबर्नला कायमचं बोलावलं, नोव्हेंबरचं तिकीट निघालं, तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला एका मित्राकडे राहायचं ठरलं. "या वर्षी देखावा नाही," ते मला म्हणाले, आणि एकदम स्क्रू वेचू लागले. जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायची खोकी त्यांनी फुटपाथवर मांडून ठेवली.

मार्गरेटबाई रस्ता ओलांडून आल्या. "यात काय आहे?"

"भुतं."

"माझं गॅरेज रिकामं आहे. नवऱ्याची गाडी मी केव्हाच विकली."

काका गोंधळले. "पण लोक येतील. बेल वाजवतील."

"गॅरेजला बेल नसते," बाई म्हणाल्या, आणि एक खोकं उचलून चालायला लागल्या. वजन झेपत नव्हतं. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं.

हॅलोविनला काका अल्बनीहून दोन बस बदलून आले. बाई गोळ्यांचं मोठं भांडं मांडीवर घेऊन फाटकाशी खुर्चीत बसल्या. नवा घोळका आला की आधी डोळे मिटायच्या, मग उघडायच्या. लहान पोरं येऊन गेली, सगळं छान चाललं होतं. मग पाच-सहा दांडगे पोरगे आले, डोक्यावर हूड, तोंडावर मुखवटे. बाईंनी डोळे मिटले, पण या वेळी उघडले नाहीत. मी पुढे होणार तोच काका मध्ये येऊन उभे राहिले. सगळ्यात उंच पोरासमोर त्यांना वाकायची गरजच नव्हती, मान वर करून त्यांनी नेहमीच्या गंभीरपणे विचारलं, "फुल स्केअर्ड, हाफ स्केअर्ड, ऑर ओन्ली लुकिंग?"

पोराने मित्रांकडे बघितलं. मग मुखवटा कपाळावर सरकवून अगदी हळू म्हणाला, "ओन्ली लुकिंग, प्लीज."

मार्गरेटबाई हसल्या. आधी हुंदका आल्यासारख्या, मग मोठमोठ्याने. गोळ्या मांडीवरून घरंगळल्या. ते सगळे दांडगे गुडघ्यांवर बसून त्यांना गोळ्या वेचून देत होते, आणि काका गॅरेजकडे ओरडत होते, "सिक्स लुकिंग! लाइट लाव!" आणि स्वतःच धावत जाऊन लाइट लावत होते.

त्या रात्री काका आमच्याकडे राहिले. सकाळी आवराआवर करायला लवकरच समोर गेले. त्यांना अल्बनीला सोडायचं म्हणून मी नऊला गाडी काढली. बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. काळं कापड उपटताना काकांच्या स्वेटरची बाही खिळ्याला लागून उसवली असावी. टेबलापाशी काका हात लांब करून, अजिबात न हलता बसले होते. गल्लीतलं सगळं दुरुस्त करणारा हा माणूस असा गप्प बसलेला मी कधी बघितला नव्हता. मार्गरेटबाई चष्मा नाकावर ओढून टाके घालत होत्या.

मी इंजिन बंद केलं आणि हॉर्न न वाजवता बसून राहिले.